बाळासाठी विणलेली टोपली

भगिनींनो, तुमच्यापैकी पुष्कळजणींनी शाळेत असताना क्रोशाची सुई हाती धरली असेल. रेडिओवर झाकायचा रुमाल, टेबलावरचा रुमाल, दाराचं तोरण, हे आपण सगळ्यांनी केलं. लग्नात रुखवतावर मांडलं, सासरी आल्यावर दोन-चार वर्षं मिरवलं, आणि पुढे ती सुई कुठे गेली तेही कळलं नाही. माझंही तसंच झालं. ती सुई मी इतक्या वर्षांनी पुन्हा कशी हाती घेतली आणि बाळाला निजवायची भक्कम टोपली कशी विणली, ते आज सांगायचं आहे. पण टोपलीच्या आधी झोळीचं सांगावं लागेल.

१९९६ सालची गोष्ट. आमचं शेत ढाणकीच्या शिवारात, काळी जमीन, तेव्हा सगळा कापूसच असायचा. दिवाळी होऊन गेली होती आणि वेचणीला बाया मिळत नव्हत्या. माझी थोरली तेव्हा दोन महिन्यांची. घरात माणसं मोजकी, म्हणून सव्वा महिना होताच मी शेतात जायला लागले. बांधावर कडुनिंब होता. त्याच्या फांदीला जुन्या लुगड्याची झोळी बांधायची, लेक तिच्यात घालायची, आणि एक पात वेचून झाली की येऊन पाजायचं. सगळ्याच बाया असं करतात. माझ्या आईने केलं, सासूबाईंनी केलं.

त्या दिवशी लेक बराच वेळ रडली नाही. मला बरंच वाटलं, म्हटलं, निजली आहे तर दुसरी पातही धरावी. सासूबाई पाणी प्यायला झाडाखाली गेल्या, त्यांनी सहज झोळीत डोकावलं आणि ओरडल्या. मी धावत गेले तो पोर त्यांच्या हातात होती. झोळीच्या तळाशी ती घसरून गेली होती, अंगाची घडी झाली होती, हनुवटी छातीला टेकली होती आणि नाक-तोंड कापडात रुतलं होतं. ओठ जांभळ्यासारखे दिसत होते. सासूबाईंनी तिला मोकळं केलं, मान सरळ धरली, पाठ चोळली, तळपायावर टिचक्या मारल्या. ती रडली तेव्हा मी कमरेच्या कापसाच्या ओटीसकट मटकन खाली बसले.

पुढे एका नर्सबाईंनी मला कारण समजावून सांगितलं. तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं आणि मान धरलेली नसते. अंथरूण खोलगट असलं की पाठ वाकते, डोकं पुढे झुकतं, हनुवटी छातीवर दाबली जाते. श्वासाची नळी मुळात बारीक, ती दुमडली की श्वास कोंडतो. मोठं माणूस झोपेत मान वळवून घेईल, बाळाला ते जमत नाही. आणि ते रडतही नाही. आपल्याला वाटतं, गाढ निजलं आहे.

सासूबाईंनी त्यानंतर त्या वर्षी झोळी बांधू दिली नाही. चार महिने त्या नातीला मांडीवर घेऊन बांधावर बसून राहिल्या. ऐन वेचणीत घरातलं एक माणूस बसून राहणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. मामंजी एकदा काही बोलायला गेले, तर त्या म्हणाल्या, "कापूस झाडावर राहते. पोर राहत नाही." पुन्हा कोणी विषय काढला नाही.

तीच थोरली आता पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. ही गोष्ट तिने लहानपणापासून ऐकलेली. आल्या आल्या म्हणाली, "आई, झोळी नको हं." मी म्हटलं, नको तर नको. पण मग बाळाला ठेवायचं कुठे? खाटेवर पोर लोळून पडण्याची धास्ती, भुईवर ठेवावं तर मुंग्या, आणि आमच्याकडे विंचवाचंही भय आहे. लाकडी पाळणा बारशाला शोभतो, पण ओसरीवरून माजघरात आणि माजघरातून शेतातल्या खोपीत तो कोण नेणार? बाजारात मच्छरदाणीच्या तयार गाद्या मिळतात. एक हाताने दाबून पाहिली, तर मनगटापर्यंत हात आत गेला. ती मी तिथेच ठेवली. बुरुडाकडून बांबूचं टोपलं घ्यावं असंही मनात आलं. तसं पाहिलं तर आपल्याकडे बाळाला सुपात घालण्याची रीत जुनी आहे, आणि वसुदेवाने बाळकृष्णाला टोपलीतूनच यमुनेपार नेलं. पण बांबूची बारीक कूस एकदा कोवळ्या कातडीत गेली की सापडत नाही. मग म्हटलं, आपणच विणावं.

पेटीत सासूबाईंची लुगडी होती. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. धुऊन धुऊन ती इतकी मऊ झालेली, की बाळाला गुंडाळायला त्यापरतं कापड नाही. दोन काढली. लांबीच्या बाजूने दोन बोटं रुंदीची पट्टी फाडत जायचं, शेवटी बोटभर कापड तसंच ठेवायचं, मग दुसऱ्या टोकाकडून पुढची पट्टी फाडत यायचं. असं केलं की अख्ख्या लुगड्याची एकच सलग पट्टी निघते, गाठी मारत बसावं लागत नाही. तिचे गुंडे केले. एवढ्या जाड पट्टीला शाळेतली सुई चालत नाही. सुताराकडून सागवानाच्या काडीची करंगळीएवढी जाड सुई करून घेतली आणि काचेच्या तुकड्याने घासून गुळगुळीत केली. आकडा खरबरीत राहिला तर प्रत्येक टाक्याला कापड अडकतं आणि जीव मेटाकुटीला येतो.

पहिली टोपली मी आठ दिवसांत विणली. दिसायला फार गोड झाली. एक पट्टा हिरवा, एक डाळिंबी. आमचे हे म्हणाले, "हे डालं कोंबड्या झाकायला केलं का?" पण शेजारणी येऊन पाहून गेल्या. मग मला काय सुचलं कोण जाणे, मी पाच किलो ज्वारी फडक्यात बांधली आणि टोपलीत ठेवली. सकाळी पाहिलं, तर ज्वारीने मधोमध खड्डा केला होता आणि दोन्ही बाजू आत ओढल्या जाऊन गाठोड्याला चिकटल्या होत्या. मी सुई घेऊन झोळीच विणली होती.

लेकीला काही बोलले नाही. संध्याकाळी बसून सगळी उसवली. ती समोर बसून गुंडे करत होती. अर्धी उसवून झाल्यावर म्हणाली, "आई, आत काहीतरी कणा पाहिजे हिला." बरोबर होतं तिचं.

हा कणा आम्हाला अंबाडीत सापडला. अंबाडीची भाजी तुम्ही सगळ्या करताच, पण तिचा वाख काढणं आता थोड्याच घरी राहिलं. आमच्या सासऱ्यांच्या वेळी कपाशीच्या कडेने दोन-चार तासं अंबाडी असायचीच. तिची ताटं कापून पाण्यात भिजत घालायची, साल कुजून सुटली की वाख ओढून धुवायचा, वाळवायचा आणि त्याचे दोर वळायचे. बैलाच्या दाव्यापासून विहिरीच्या दोरापर्यंत सगळं त्यातून निघे. नायलॉनचा दोर आला आणि हे मागे पडलं. आमच्या गल्लीतले एक म्हातारबाबा अजून हौसेने दोर वळतात. त्यांच्याकडून करंगळीहून थोडा बारीक असा चाळीस मीटर दोर घेतला. नायलॉनचाही पडून होता, पण तो घसरतो, टाके त्याच्यावर सरकतात. सुतळी घेतली नाही, कारण तिचा भुसा गळतो आणि तिला तेलकट वास असतो. अंबाडीचा दोरही आधी रात्रभर भिजवून, ताणून, दोन कडक उन्हं दाखवून घेतला. नंतर आटून टोपली वाकडी होऊ नये म्हणून.

आता विणीचं नीट सांगते, कारण खरी गंमत तिच्यातच आहे. टाका एकच, मुका खांब. म्हणजे सुईला वेढा न देता घातलेला आखूड, घट्ट टाका. उंच खांब घातले तर काम लवकर उरकतं, पण वीण विरळ होते. दोर टाक्यांच्या डोक्यावर आडवा धरायचा आणि पुढचा प्रत्येक टाका त्या दोराला पोटात घेऊन घालायचा. दोर आत लपतो, वरून फक्त लुगडं दिसतं.

तळ लांबट गोल करायचा. मला तळ २८ इंच लांब आणि १४ इंच रुंद हवा होता. अशा वेळी लांबीतून रुंदी वजा करावी आणि तेवढी साखळी घालावी, म्हणजे १४ इंच. साखळीच्या एका अंगाने टाके घालत जायचं, टोकाच्या घरात तीन टाके घालून वळायचं, दुसऱ्या अंगाने परत यायचं. पुढच्या प्रत्येक फेरीत दोन्ही टोकांच्या वळणांवर तीन-तीन टाके वाढवायचे, मधल्या सरळ भागात एकही वाढवायचा नाही. दर दोन फेऱ्यांनी काम फरशीवर ठेवून पाहावं. कडा वाटीसारख्या उचलल्या तर टाके कमी वाढले आहेत किंवा दोर जास्त ओढला गेला आहे. कडेला झालर पडली तर जास्त वाढले आहेत. दोन्हींपैकी काही झालं तर लगेच उसवा. पुढे जाऊन सुधारेल, असं तळाच्या बाबतीत होत नाही. माझ्या तीन फेऱ्या अशा उसवाव्या लागल्या.

मापाचा तळ झाला की एक फेरी टाक्याच्या फक्त मागच्या धाग्यात सुई घालून विणायची. तिथे घडी पडते आणि भिंत सरळ उभी राहते. मग काही न वाढवता आठ इंच उंचीपर्यंत विणत जायचं. दोर संपला तर दोन्ही टोकं तासून बारीक करायची, चार बोटं एकमेकांवर घेऊन दोऱ्याने करकचून बांधायची. नुसती गाठ मारली तर ती जन्मभर टोचते. काठाला मी दोर दुहेरी घेतला. दोन लुगडी पुरली, काठापुरतं तिसरं काढावं लागलं. टोपलीचं वजन अडीच किलोच्या आसपास भरलं. संध्याकाळचा स्वयंपाक आटोपून बसायची, त्यामुळे सतरा दिवस लागले. अंगठ्याला फोड आले ते वेगळेच.

नक्षी अजिबात केली नाही. मला जाळीची वीण फार आवडते, पण तिच्यात बाळाची बोटं अडकतात. करंगळीचं टोक घुसेल एवढंही छिद्र टोपलीला ठेवलं नाही. घुंगरू, मणी, गोंडे, लोंबत्या नाड्या काही लावलं नाही. कड्यासुद्धा केल्या नाहीत. पाहायला येणारी प्रत्येक बाई विचारायची, "हिला धरायचं कुठे?" मी सांगायची, धरायचंच नाही. कड्या दिसल्या की कोणीतरी बाळासकट टोपली उचलणारच. आधी बाळ उचलावं, मग रिकामी टोपली न्यावी.

पुन्हा पाच किलो ज्वारी ठेवली, या वेळी दोन रात्री. तळ हलला नाही. भिंत बाहेरून ढकलून पाहिली, ती परत जागेवर आली. मग कुठे मला झोप लागली.

आत काय घालायचं, यावरून आमच्या घरी थोडी वादावादी झाली. विहीणबाईंनी मोठ्या प्रेमाने मोहरीची उशी आणि कापसाची जाड मऊ गादी पाठवली होती. आपल्याकडे कापसाची काय कमी! पण तान्ह्या बाळाला उशी नको आणि अंथरूण घट्ट, सपाट हवं, असं आता डॉक्टर सांगतात. बाळाला उताणं निजवा, रात्रीही आणि दिवसाही. पालथं किंवा कुशीवर नको. तोंडाजवळ सैल गोधडी, दुपटं, बाहुली काही नको. मी जुनी, दबून गेलेली पातळ वाकळ टोपलीच्या मापाने कापून शिवली. तिच्याखाली मेणकापड, म्हणजे टोपली भिजत नाही. वर एकच सुती फडकं, चारी बाजूंनी खाली दाबून खोचलेलं. थंडी असेल तर अंगात एक कपडा जास्त घालावा, वरून पांघरूण टाकू नये. विहीणबाईंना वाईट वाटू नये म्हणून त्यांच्या गादीवर लेक बसायची आणि त्यांच्यासमोर तिचं कौतुक करायची. जुन्या बायांच्या हातात माया असते, त्यांना तोंडावर नाही म्हणवत नाही. पण मीही आता जुन्या बायांतच मोडते, तेव्हा आपल्यालाही थोडं शिकून घ्यायला हवं.

टोपली नेहमी भुईवर, सपाट जागी. खाटेवर किंवा ओट्याच्या कडेला नाही. चुलीपासून लांब. बाळ ठेवण्याआधी अंथरूण काढून झटकायचं आणि टोपली उलटी करून आपटायची, हा नेम एक दिवस चुकवायचा नाही. वरून छत्रीची मच्छरदाणी. आणि घरात विडी ओढणारं कोणी असेल तर त्याने अंगणाबाहेर जावं. आमच्या घरी दोघांना जावं लागलं.

आईजवळच बाळ हवं, ही आपली रीत. ती मोडायची नाही. लेक भुईवर अंथरूण घालून निजायची आणि हाताच्या अंतरावर टोपली. रात्री पाजायचं झालं तर उठून भिंतीला टेकून बसायचं, पाजून झालं की बाळ परत टोपलीत. पुढे वाचनात आलं की न्यूझीलंड देशातल्या माओरी लोकांत नेमकी हीच रीत आहे. तिथे बाळं झोपेत दगावण्याचं प्रमाण माओरी घरांत फार होतं, आणि बाळाला शेजारी घेऊन निजू नका असं सांगून आया ऐकत नव्हत्या. मग तिथले डॉक्टर आणि विणकाम करणाऱ्या बाया एकत्र बसल्या. २००६ च्या सुमारास त्यांनी तिथल्या पाणथळ जागी वाढणाऱ्या एका वनस्पतीच्या पात्यांची सपाट तळाची टोपली विणली. तिला ते वाहाकुरा म्हणतात. बाळ आईच्या अंथरुणावरच असतं, पण स्वतःच्या टोपलीत. त्या पात्यांचाही आपल्या अंबाडीसारखाच वाख निघतो. हे वाचून मला भारी मौज वाटली. एवढ्या लांबच्या बायांनी तेच केलं होतं.

बाळ फाल्गुनात झालं, तालुक्याच्या दवाखान्यात, २ किलो ८०० ग्रॅमचं. मुलगा. घरी आल्यावर आशाताई तिसऱ्या दिवशी आल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असलं तर त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येऊन बाळ पाहतात. त्यांना दारातून परत पाठवू नका, बसवून घ्या आणि विचारा. या कामाची सुरुवात आपल्याच विदर्भातली आहे. गडचिरोलीकडे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घेतली. तिथले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, आणि १९९९ साली ते लॅन्सेट या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात छापून आलं. २०११ पासून देशभरच्या आशाताई तशा भेटी देऊ लागल्या. आमच्या आशाताईंनी बाळ तपासलं, मग टोपलीचा तळ दाबून पाहिला. भिंत दाबून पाहिली. "उशी कुठे लपवली?" म्हणून विचारलं. नाही म्हटल्यावर हसल्या आणि दुसऱ्या आळीतल्या एका बाळंतिणीला घेऊन पुन्हा आल्या.

टोपलीत खोडही आहे, ती सांगून टाकते. आतला दोर भिजला की लवकर वाळत नाही. उन्हाळ्यात मी तुळशीसमोर पालथी टाकायची, दीड दिवसात कडकडीत व्हायची. पावसाळ्यात हे जमत नाही आणि दमट राहिली तर बुरशी धरते. आषाढ-श्रावणात बाळंतपण असेल तर पट्ट्यांच्या आत सुती दोर घ्यावा, तो धुवायला बरा. आणि ज्यांच्याकडे काहीच सोय नाही, शेतात झोळी बांधणंच भाग आहे, त्यांना मी नावं ठेवणार नाही. मी बांधली होती. फक्त पहिले तीन-चार महिने जमेल तितकं टाळा, आणि बांधलीच तर घरातलं एक शहाणं माणूस जवळ बसवा, ज्याचं काम फक्त बाळाचं तोंड पाहणं हेच असेल.

चैत्र-वैशाखात आमच्याकडे ऊन कसं असतं ते तुम्ही जाणता. बाळ टोपलीत ओसरीवर निजायचं, खालून शेणाने सारवलेली गार भुई. सव्वा महिन्यानंतर लेक सासरी गेली तेव्हा टोपली मोटारीत मांडीवर घेऊन गेली, बाळ विहीणबाईंच्या मांडीवर. चौथ्या महिन्यात तिचा फोन आला, की स्वारी आता पालथी होऊन हातांवर रेटा देते आणि काठ धरायला बघते. मी म्हटलं, आजपासून टोपली बंद. अंथरूण भुईवर घाल. ती म्हणाली, "आई, आत्ता उतरवते."

पोळ्याला आली तेव्हा टोपली परत आणली. आता ती शेजारच्या सुनेला दिली आहे, तिला दिवाळीनंतरचा महिना आहे. देण्याआधी धुतली, चार उन्हं दाखवली, आणि रात्री तिच्यात पाच किलो ज्वारी ठेवली.